अडकलेली किल्ली आणि आम्ही तीन इंजिनिअर

स्वयंपाकघरात एका पिशवीत बाकीच्या सगळ्या पिशव्या कोंबलेल्या असतात ना, किस्से तसेच साठतात. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. परवा आमच्या जुन्या कंपूचं जेवण होतं. निघताना कोणीतरी सहज विचारलं, "शिरीष, किल्ली घेतलीस का?" झालं! बूट घातलेली माणसं पुन्हा खाली बसली आणि बराच वेळ कोणी घरी गेलं नाही.

ही गोष्ट दोन हजार तीनच्या आसपासची, मिशिगनमधल्या ट्रॉयची. आम्ही तिघं गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एकाच कंपनीच्या ऑफिसात, एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये. मी ब्रेकवाली. बापू सीटवाला, खरं नाव प्रशांत, मूळचा चिपळूणचा, पण कॉलेजपासून सगळे त्याला बापूच म्हणतात. आणि शिरीष. त्याचं काम ऐका: इग्निशन लॉक! गाडीची किल्ली कधी फिरावी, कधी निघावी आणि कधी अजिबात निघू नये, हे ठरवण्याचा पगार घेणारा माणूस. आणि अख्ख्या ट्रॉयमध्ये ज्याच्या गाडीची किल्ली निघत नव्हती, तो हाच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आम्ही रोज कारपूल करून बघायचो.

चौथी मधुरा, शिरीषची बायको. सांगलीला कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. इथे डिपेंडंट व्हिसावर आली, म्हणजे नोकरी करायची नाही. तिने कम्युनिटी कॉलेजात एका कोर्सला नाव घातलं होतं, जानेवारीत सुरू होणार होता. ठरलं असं, की सकाळी आम्हा तिघांना ऑफिसात सोडायचं आणि गाडी तिने न्यायची. फक्त त्याआधी लायसन्स हवं.

"लायसन्स मिळालं तर कॉलेज, नाहीतर खिडकी," असं ती हसत म्हणायची. मला ते हसू आवडायचं नाही.

*

किल्ली पहिल्यांदा अडकली ती इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये. शिरीषने गाडी बंद केली, किल्ली ओढली. येईना. बापूने ओढली. येईना. मी स्टिअरिंग हलवून ओढली. तरी येईना.

शिरीषच्या अंगात एकदम ऑफिस संचारलं. खिशातून पेन काढून त्याने ग्रोसरीच्या पावतीवर लॉकचं ड्रॉइंग काढलं. "बघ सुजाता, ही लॉकिंग पिन. आता हिच्यावर साइड लोड येतोय, म्हणून..." मी विचारलं, साइड लोड येतोय कुठून? बापू म्हणाला, टायर फुटपाथच्या कडेला टेकलाय का बघ. मी उतरून बघून आले. नव्हता टेकला. मग फेल्युअर मोडवर चर्चा सुरू झाली. मागच्या सीटवर मधुरा मांडीवर कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन शांत बसली होती.

शेवटी ती म्हणाली, "एक विचारू? गिअर अजून R मध्ये आहे. चालतं का तसं?"

शिरीषने गिअर P मध्ये, म्हणजे पार्किंगमध्ये टाकला. किल्ली अलगद हातात आली. त्याने ती पावती चुरगाळून खिशात कोंबली.

*

दसऱ्याला गाडीची पूजा केली. पार्किंग लॉटमध्ये झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, सगळं साग्रसंगीत. शेजारचे एक अमेरिकन गृहस्थ कुत्रा फिरवता फिरवता थांबले आणि नमस्कार करून गेले.

किल्ली अधूनमधून घट्ट फिरायची, ही तक्रार तेव्हा सुरू झालीच होती. बापू म्हणाला, "अरे, पूजेच्या दिवशी हत्यारांना तेल लावतात. हिला कोणी लावायचं?" आणि पळत जाऊन खोबरेल तेलाची बाटली घेऊन आला. "आमच्याकडे चिपळूणला दाराची कडी असो नाहीतर आज्याचा गुडघा, औषध एकच!"

शिरीष ओरडला, "बापू, लॉकमध्ये तेल नाही घालत! ग्रॅफाइट पावडर घालतात, ड्राय! माझं काम आहे हे!"

"तुझं काम आहे म्हणूनच अडकतेय ना?" बापू म्हणाला आणि त्याने धार सोडली.

ऊन छान पडलं होतं. किल्ली अशी फिरली, की फिरवणाऱ्यालाच दचकायला झालं! बापूने दोन दिवस ऑफिसात कॉलर ताठ करून मिरवलं. शिरीषने त्याला चहाही पाजला.

*

थंडी पडली आणि किल्लीने खरे रंग दाखवायला सुरुवात केली. घरून ऑफिस दहा मिनिटांवर. सकाळी पोचलो, की किल्ली हमखास अडकलेली. P, स्टिअरिंग, ब्रेक, देवाचं नाव, सगळं करून झालं. शेवटी आम्ही हात टेकले आणि गाडी तशीच सोडून आत जायला लागलो. चोराने नेली तरी त्यालाही किल्ली काढता येणार नाही, अशी आपली समजूत!

एके दिवशी शिरीषचं कस्टमरसमोर मोठं प्रेझेंटेशन होतं. विषय: चोरी होऊ नये म्हणून नवं लॉक. कॉन्फरन्स रूम भरलेली. शिरीष अगदी रंगात येऊन सांगत होता, की आमचं लॉक असेल तर चोराचं काही चालणार नाही.

दार उघडलं. सिक्युरिटीचा धिप्पाड माणूस आत आला. "एक्सक्यूज मी, पार्किंगमधली ती मरून रंगाची गाडी कोणाची? किल्ली आतच आहे आणि दारही उघडं आहे."

सगळ्यांच्या माना शिरीषकडे वळल्या, कारण शिरीषच्या कानांचा रंगही त्या गाडीसारखा झाला होता.

शिरीषने एक श्वास घेतला. "थँक यू," तो म्हणाला. "तीन आठवडे अशीच ठेवलीय. अजून कोणी नेलेली नाही. नेक्स्ट स्लाइड प्लीज."

खोली हसून हसून लोळली आणि काँट्रॅक्ट आम्हाला मिळालं! आमच्या ऑफिसात तो किस्सा अजून सांगतात. लॉक कोणतं होतं, ते आता कोणाला आठवत नाही.

*

गाडी शिरीषने ज्यांच्याकडून घेतली ते देवधर काका. तीस वर्षं मिशिगनमध्ये काढलेले आणि प्रत्येक विषयावर मत असलेले. ते म्हणाले, "आधी मेकॅनिकला दाखवा. इंजिनिअर लोकांनी गाडीला हात लावू नये."

सकाळी गाडी गॅरेजमध्ये सोडली. संध्याकाळी मेकॅनिकने सांगितलं, दिवसभर आत होती, वीस वेळा किल्ली काढली, वीस वेळा निघाली. आमच्यासमोर दोन बोटांनी काढून दाखवली. आम्ही खजील होऊन घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात किल्ली पुन्हा अडकली! पुन्हा गॅरेज. पुन्हा दोन बोटं.

"डॉक्टरच्या दारात पोटदुखी थांबते, त्यातलाच प्रकार," काका म्हणाले.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आम्ही चौघं शॉमबर्गला गेलो, शिरीषच्या मावसभावाकडे. हीटर लावून पाच तास ड्राइव्ह. पोचल्यावर किल्ली पटकन निघाली! परत आलो, तेव्हाही निघाली. सोमवारी ऑफिसला गेलो. अडकली.

बापूने थिअरी मांडली. "गाडीत काही दोष नाही. तिला आपलं ऑफिस आवडत नाही. मलाही आवडत नाही, पण मी सांगतो का कोणाला?"

आम्ही तीन पदवीधर माणसं यावर हसलो, पण याहून बरी थिअरी आमच्यापैकी कोणाकडेही नव्हती.

*

आता जरा न हसण्यासारखं. डिसेंबरात मधुराची रोड टेस्ट होती. एका शाळेच्या पार्किंगमध्ये. परीक्षक म्हणजे एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, हातात क्लिपबोर्ड. आधी गाडीची तपासणी. दिवे झाले, हॉर्न झाला, सिग्नल झाले. मग ते म्हणाले, "टर्न इट ऑफ. टेक द की आउट."

मधुराने गाडी बंद केली आणि किल्ली ओढली. मग पुन्हा ओढली. मी आणि शिरीष लांब उभे होतो. तिची पाठ आम्हाला काचेतून दिसत होती आणि त्या पाठीवरूनच कळलं.

परीक्षकांनी शांतपणे सांगितलं, जिची किल्ली निघत नाही त्या गाडीत मी टेस्ट घेत नाही. कोर्स सुरू व्हायच्या आधी एकच तारीख शिल्लक होती, तेवढी त्यांनी दिली. मधुरा एक फूटसुद्धा गाडी न चालवता नापास झाली होती.

परतताना ती मागे बसली आणि बाहेर बघत राहिली. "सांगलीत मी साठ मुलांचा वर्ग गप्प बसवायची," ती मला म्हणाली. "इथे मला दूध आणायचं तरी कोणाची तरी मीटिंग संपावी लागते." मला इतकं वाईट वाटलं, की मी तिचा हात धरून बसले. शिरीष आरशात बघायचं टाळत होता.

*

दुसऱ्या टेस्टच्या आदल्या दिवशी, रविवारी, आम्ही तिघं शिरीषच्या डायनिंग टेबलावर लॉकचं मोठं ड्रॉइंग पसरून बसलो होतो. शिरीष म्हणत होता, अख्खं लॉक बदलतो. पण पार्ट यायला आठवडा लागणार होता आणि आमच्याकडे एक दिवस होता.

मधुरा आत न्हाणार होती. नळाचं पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. मग आवाज बंद झाला आणि ती केस मोकळे सोडून, हातात ओली बाटली घेऊन बाहेर आली.

"बापू, दसऱ्याला किल्लीत काय घातलं होतंस?"

"खोबरेल," बापू छाती काढून म्हणाला.

मधुराने कपाटातून खोबरेलाची दुसरी, कोरडी बाटली काढली. झाकण उघडून शिरीषच्या ड्रॉइंगवर उलटी धरली. एक थेंब पडला नाही. तिने बाटली हलवली, दाबली, आपटली. आत पांढराशुभ्र गोळा.

"मी रोज सकाळी ही गरम पाण्याखाली धरते, तेव्हा कुठे तेल निघतं," ती म्हणाली. "गॅरेज गरम. शॉमबर्गपर्यंत पाच तास हीटर. आणि ऑफिसला जाताना दहा मिनिटांत काय विरघळणार, कपाळ? अरे, एकाला तरी सुचावं! तुम्ही तीन इंजिनिअर!"

 बापूने हळूच ड्रॉइंगची गुंडाळी केली.

मग एक्स्टेन्शन कॉर्डला एक्स्टेन्शन कॉर्ड जोडून हेअर ड्रायर पार्किंगपर्यंत नेला. थोडा वेळ किल्लीभोवती गरम हवा मारली. मधुराने दोन बोटांनी किल्ली ओढली आणि ती निघाली! शिरीषने तिला तिथेच बर्फात उचललं. ती ओरडत होती, "अरे सोड, न्हायचंय मला अजून!" आणि तरीही हसत होती. हे हसू मला आवडलं.

*

पण आतलं तेल काही एका दिवसात निघणार नव्हतं आणि शाळेच्या पार्किंगमध्ये हेअर ड्रायरला वीज कुठून आणणार? सोमवारी सकाळी मधुरा खाली आली ती शेकायची रबरी पिशवी घेऊन. सासूबाईंनी कंबरेसाठी म्हणून बॅगेत घालून दिलेली. उकळत्या पाण्याने भरलेली ती पिशवी तिने स्टिअरिंगच्या दांड्यावर किल्लीला लागून ठेवली आणि वरून आपल्या लोकरीच्या मफलरने गच्च बांधली.

बापूने आणि मी अर्धी रजा टाकली होती. असा प्रसंग चुकवतं कोण!

तेच परीक्षक आले, त्याच मिशा. वाकून आत बघितलं. मफलर बांधलेलं स्टिअरिंग त्यांनी बराच वेळ न्याहाळलं.

"व्हॉट इज दॅट?"

"शी हॅज अ कोल्ड," मधुरा गाडीला थोपटत म्हणाली, आणि मफलर सोडून पिशवी शिरीषच्या हातात दिली.

मिशा जरा हलल्यासारख्या वाटल्या. "टेक द की आउट."

तिने किल्ली काढली. नुसती काढली नाही, तर काचेतून आम्हाला दिसेल अशी वर धरली! बापूने शिट्टी मारली. मी त्याला गप्प केलं, कारण खरी टेस्ट अजून व्हायची होती. मग ती गेली. रिव्हर्स, पॅरलल पार्किंग, शाळेबाहेरचा मोठा रस्ता. आम्ही तिघं थंडीत उभे, आळीपाळीने ती पिशवी छातीशी धरून. मरून गाडी वळणावरून परत आली, तेव्हा परीक्षक कोटाची बटणं सोडून बसले होते. मधुराने हीटर फुल्ल ठेवला होता.

पास!

पासचा कागद घेऊन शिरीष आम्हाला लायसन्सच्या ऑफिसात घेऊन गेला. मधुरा आत गेली, फोटो काढून, हातात तात्पुरतं लायसन्स घेऊन बाहेर आली. शिरीष ड्रायव्हिंग सीटवर बसलेला. तिने त्याच्या बाजूचं दार उघडलं.

"उतर."

शिरीष उतरला आणि गाडीला वळसा घालून पुढच्या दुसऱ्या दाराकडे गेला. तोवर मधुराने शेकायची पिशवी त्या सीटवर ठेवून तिला बेल्ट लावला होता.

"इथे मी बसतो ना," शिरीष म्हणाला.

"तू मागे. जिच्यामुळे पास झाले, ती पुढे बसेल."

आम्ही तिघं मागे बसलो. इग्निशनवाला मध्ये, ब्रेकवाली आणि सीटवाला दोन्ही बाजूंना, गुडघे हनुवटीला लागलेले. मधुराने आरसा स्वतःच्या उंचीला लावून घेतला, सिग्नल दिला आणि गाडी रस्त्यावर काढली. तिथून फ्रीवेवर. गाडी छान, एका लयीत चालली होती.

थोड्या वेळाने शिरीष पुढे वाकला. "अगं, आपलं घराकडचं एक्झिट गेलं!"

"माहितीये," मधुरा म्हणाली.