फौजी म्हणाला, होल्ड

तळवड्याच्या आयटी पार्कच्या मागच्या गेटवर साहेबराव ओव्हाळ उभा असला, की आत जाणारी पोरंपोरी न सांगता आयकार्ड गळ्यात अडकवायची. बाकीच्या गार्डांना कुणी हिंग लावून विचारत नसे. साहेबराव ओरडायचा नाही, हुज्जत घालायचा नाही, नुसता बघायचा. सतरा वर्षं फौजेत काढलेला गडी, कारगिल बघितलेला. त्याच्या बघण्याला एक वजन होतं आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

त्या दिवशी मात्र त्याचं गेटकडे लक्षच नव्हतं. पहिली शिफ्ट संपली होती आणि रिलीव्हर आलेला नव्हता. रिलीव्हर म्हणजे पुढच्या पाळीचा गार्ड. तो येऊन गेट ताब्यात घेईपर्यंत आधीच्यानं हलायचं नाही, असा नियम. आता नियम नियमाच्या जागी असतो, बाकीचे गार्ड शिफ्ट संपली की बॅग उचलून चालू पडतात आणि गेट पाच-दहा मिनिटं रामभरोसे राहतं. त्यानं कुणाचं काही बिघडलेलं नाही. पण साहेबरावला ते जमायचं नाही. पुढचा गार्ड नवनाथ चाकणच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकला होता. फोनवर तो सारखं म्हणत होता, "निघालोच भाऊ, हा काय आलो." चाकणच्या ट्रॅफिकमधून 'हा काय आलो' म्हणणारा माणूस कधी येतो, हे तिथल्या लोकांना सांगायला नको.

आणि नेमकं आजच साहेबरावला पळायचं होतं. त्याचा दोस्त अजीज आज गॅरेजचा गाळा खाली करत होता. अजीजला एक गोष्ट सांगायची होती आणि ती आजच सांगायला हवी होती. गाळ्याचं डिपॉझिट आज अजीजच्या हातात पडणार होतं आणि साहेबरावला त्या डिपॉझिटची भीती वाटत होती.

कशाची भीती, ते सांगतो.

साहेबरावच्या बहिणीचा मुलगा विक्की. मारुंजीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचा, हिंजवडीत कुठल्याशा कंपनीत होता, मग नव्हता, मग म्हणाला आता नोकरीची गरजच नाही. त्यानं मामाला वज्र कॉइन दाखवलं. साहेबरावला कॉइन म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. हातात येत नाही, बँकेत दिसत नाही, पण मोबाइलमध्ये रोज वाढतं. बायको कस्तुरा तेव्हाच म्हणाली होती, "जे दिसत न्हाई ते वाढतंय म्हनं! अवं, दिसणारं तरी कुठं वाढतंय आपलं?" साहेबराव हसला होता.

पण कॉइनपेक्षा त्याला पटला तो ग्रुप. ग्रुपचं नाव वज्र आर्मी. त्यातला प्रत्येक जण सोल्जर. भाव पडला की घाबरून विकणारा तो भगोडा. भाव पडला तरी जो हलत नाही तो खरा. आणि सकाळ-संध्याकाळ एकच हुकूम, होल्ड. होल्ड करा. काही झालं तरी होल्ड. खाली दहा-वीस रॉकेटांची आणि हिऱ्यांची चित्रं. आता तुम्हीआम्ही हे वाचून पुढं सरकलो असतो. पण हा शब्द साहेबराव ओव्हाळनं कुठं ऐकला होता?

नव्व्याण्णव साली ऐकला होता. तिकडं डोंगरावर खंदक खणता येत नाही, नुसता कातळ. दगडावर दगड रचून आडोसा करायचा आणि त्याच्यामागं पोटावर पडून राहायचं. साहेबराव आणि त्याच्याशेजारी भीमराज, बीडकडचा. दोघंही बावीस-तेवीसची पोरं. वरून फायर चालू. पाणी संपलं. वायरलेसवर सुभेदारसाहेबांचा आवाज यायचा, "होल्ड करो. पीछे से आदमी आ रहा है. होल्ड." भीमराज म्हणायचा, "सायबा, कुणी येत न्हाई बघ." साहेबराव म्हणायचा, "येतेत. गप पड." आणि आले की! शेवटी पहाटे आले, पाणी घेऊन आले. भीमराज त्याच रात्री गेला होता. साहेबरावनं त्याचं डोकं मांडीवर धरून ठेवलं होतं आणि पाण्याची बाटली पुढं आली तेव्हा ती त्यानं आधी भीमराजच्याच ओठाला लावली.

त्या दिवसापासून साहेबरावच्या डोक्यात एक गोष्ट ठोकून बसली. होल्ड म्हटलं की हलायचं नाही, मागून माणूस येतोच. त्याच्यावरच तो पुढं जगला. भीमराजचं त्यावर काय म्हणणं होतं, ते विचारायची सोय नव्हती.

तर असा माणूस वज्र आर्मीत भरती झाला. विक्कीनं त्याचा मेडल लावलेला फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, आपल्यात एक रिअल सोल्जर आलाय. दोनशे लोकांनी जय हिंद आणि जय भीम लिहिलं. साहेबराव हरखला, खरं सांगायचं तर फुगला. रिटायर झाल्यावर इतक्या जणांनी त्याला एकदम सलाम कधी केला होता? गेटवरच्या फौजीला लोक बूमचा दांडा वर करायला सांगतात, दुसरं काय! त्यानं पेन्शनीतून साठवलेलं सगळं वज्रमध्ये घातलं आणि पाठोपाठ अजीजलाही त्यात घेऊन आला.

अजीजचं गॅरेज त्रिवेणीनगरच्या रस्त्याला, दुचाकीचं. अजीज इथलाच, शाळेपासूनचा सोबती. गिऱ्हाइकाची ओळख करून देताना म्हणायचा, "हा आपला फौजी. ह्यानं टायगर हिल सांभाळली, म्हणून आपण इथं प्लग साफ करत बसलोय." साहेबराव किती वेळा म्हणाला असेल की बाबा रे, टायगर हिल नव्हे, दुसरीच टेकडी होती, तिला नावसुद्धा नव्हतं. अजीज म्हणायचा, "तू गप रे. तुला काय कळतंय!"

गेल्या वर्षी गाळ्याच्या मालकानं गाळा विकायला काढला. अजीजला आधी विचारलं, तू घेतोस का? वज्रचा भाव तेव्हा असा चढलेला, की विकलं असतं तर गाळ्याचं काम झालं असतं. अजीज हात पुसत पुसत म्हणाला, "काय करू फौजी? काढू?"

साहेबराव म्हणाला, "होल्ड."

एवढंच. एक शब्द. अजीजनं मोबाइल खिशात घातला आणि पाना उचलला. दुसऱ्याला विचारावं, बायकोला विचारावं, असं त्याच्या मनातही आलं नाही.

पुढं भाव पडला. पडला म्हणजे काय, कड्यावरून दगड सुटावा तसा सुटला. गाळा दुसऱ्यानं घेतला, अजीजला सोडायची मुदत मिळाली. ग्रुपवर अजून होल्ड चालूच होतं. मग ॲपमध्ये पैसे काढायचं बटण बंद झालं, म्हणे दुरुस्ती चालू आहे. पैसे घालायचं बटण मात्र व्यवस्थित चालत होतं. उंदराच्या पिंजऱ्यालासुद्धा ह्याहून जास्त लाज असते!

शेवटी गेल्या रविवारी साहेबराव मारुंजीला गेला. विक्की खोक्यांना चिकटपट्टी लावत होता, फ्लॅट सोडून चालला होता.

"मामा, तुम्ही अजून आत आहात?" विक्की खरोखर चकित झाला. "अहो, मी दिवाळीतच सगळं विकून निघालो."

"दिवाळीत?" साहेबराव म्हणाला. "आन मग ग्रुपवर रोज होल्ड होल्ड कोण लिवत होतं?"

"लिहावंच लागतं ना मामा. सगळे एकदम निघाले तर भाव पडणार. कुणीतरी होल्ड केलं, तरच दुसऱ्याला निघता येतं." विक्कीनं दातानं चिकटपट्टी तोडली. "हे सगळ्यांना माहीत असतं राव. मला वाटलं, तुम्हालापण माहिती आहे."

साहेबरावचा हात उठला नाही. कुणाला वाटेल, फौजी गडी, एक ठेवून दिली असेल. पण तो खोकी ओलांडून तसाच बस स्टॉपकडं निघाला. बसमधून परत येताना त्याला पैसे आठवत नव्हते, वायरलेसवरचा तो आवाज आठवत होता. कुणीतरी होल्ड केलं, तरच दुसऱ्याला निघता येतं. तिकडंही असंच होतं की काय? आपण आणि भीमराज कुणासाठी पडून होतो तिथं? सव्वीस वर्षांत असला विचार त्याच्या मनाला शिवला नव्हता. पोरानं पैसे बुडवले ते एक वेळ ठीक, पण त्याची ती टेकडीसुद्धा नासवून टाकली. ह्याचा जाब तो कुणाला विचारणार?

घरी आल्यावर त्यानं कस्तुराला सगळं सांगितलं. ती भांडली नाही, रडली नाही. परातीतलं पीठ मळता मळता थांबली आणि म्हणाली, "आपलं गेलं ते गेलं. पर अजीजभाईला खरं सांगा. त्यो मानूस तुमच्या तोंडाकडं बघून बसलाय. हातात डिपाझिट आलं की ते बी त्यातच घालंल, सांगून ठेवते."

सोमवारी सांगतो म्हणाला. सोमवारी गॅरेजवर गेला, चहा पिऊन आला. मंगळवारीही तेच. अजीजसमोर बसलं की तो हवापाण्याचंच बोलायचा. अजीज गिऱ्हाइकाला सांगत असायचा, हा आपला फौजी. खरं एकदा सांगितलं की हे पुन्हा कधी ऐकायला मिळणार नाही, ह्याचीच खरी भीती होती. लाज वाटावी अशी भीती, पण होती. असं करता करता गाळा सोडायचा दिवस उजाडला.

म्हणून आज शिफ्ट संपल्याबरोबर त्यानं गेटवरूनच फोन लावला. आता फोनवर तर फोनवर.

"अजीज, ऐक. एक सांगायचं हाय..."

"अरे फौजी! वाहवा! आत्ता तुझीच आठवण काढली," अजीजचा आवाज उड्या मारत होता. मागं टेम्पोचा हॉर्न. "ये लवकर, मलापण सांगायचंय."

"आधी माझं ऐक..."

"समोर ये, समोर बोलू." फोन बंद.

साहेबरावनं पुन्हा लावला नाही. लावायला हवा होता, पण नाही लावला. असली गोष्ट तोंडावरच सांगितली पाहिजे, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि रिलीव्हरची वाट बघत गेटवर उभा राहिला. बाजूच्या गेटचा गार्ड म्हणालासुद्धा, "जावा की ओव्हाळ, मी बघतो दोन्हीकडं." साहेबरावनं नकाराची मान हलवली. नवनाथ घामाघूम होऊन आला, तेव्हा कुठं त्यानं गेट सोडलं आणि सायकल दामटली.

गॅरेज निम्मं रिकामं झालं होतं. कॉम्प्रेसर, टायर, पान्यांची पेटी, सगळं टेम्पोत. अजीजची बायको खैरुन्निसा उलट्या घातलेल्या क्रेटवर थर्मास घेऊन बसली होती. साहेबरावनं अजीजला हाताला धरून टेम्पोच्या मागं नेलं आणि एका दमात सगळं सांगितलं. मारुंजी, दिवाळी, विक्की. वज्रमध्ये काही उरलेलं नाही, कधी नव्हतंच. "मी चुकलो अजीज. माझ्या शब्दावर तू बुडलास. माझ्या तोंडात हाण, पर आता त्यात एक रुपया घालू नगं."

अजीजनं सगळं ऐकून घेतलं. मग हसायलाच लागला.

"परीक्षा घेतोस काय?"

"आरं, विक्की सोता म्हनला!"

"विक्की कोण? मी विक्कीकडं बघून आलो होतो काय?" अजीजनं साहेबरावच्या खांद्यावर हात ठेवला. हात ग्रीसनं काळा झालेला होता. "तो पळाला. पळणारच, लहान आहे तो. तू पळालास? तुझे पैसे आहेत ना अजून आत?"

"हायत. काढताच येत न्हाईत म्हनून हायत!"

"मग झालं तर. होल्ड केलंस ना? मला पुरे आहे." अजीजनं आवाज खाली आणला आणि मोबाइल पुढं केला. "डिपॉझिट मिळालं बघ. टाकू का नको, टाकू का नको, करत बसलो होतो. तेवढ्यात तुझा फोन वाजला. म्हटलं, फौजीचा फोन आला, याहून चांगला शकुन कुठला! तुझा फोन ठेवला आणि सगळं टाकलं. भाव पडलाय ना, ढीगभर कॉइन आले, राव." त्यानं बायकोकडं नजर टाकली. "हिला नको सांगू एवढ्यात. ईदला सांगीन."

साहेबरावनं टेम्पोच्या फाळक्याला धरलं. आता तो काहीही बोलला असता, तरी अजीजला ते खरं वाटणार नव्हतं. ज्या माणसावर भरवसा ठेवायचा, त्याच माणसाचं ऐकायचं नाही, असं ते होऊन बसलं होतं.

खैरुन्निसा चहा घेऊन मागं आली. पहिला कप तिनं साहेबरावला दिला.

"भाईसाब, उद्या सुट्टी काढा बरं का," ती म्हणाली. "चाकणला एक पत्र्याचं शेड बघितलंय गॅरेजसाठी. डिपॉझिटच्या पैशातून उद्याच ॲडव्हान्स द्यायचाय. हे भोळे आहेत, कुणीपण फसवतं ह्यांना. तुम्ही सोबत असलात म्हणजे मला घोर नाही."

तिच्या पाठीमागून अजीजनं साहेबरावला डोळा मारला. साहेबरावनं कप घेतला आणि म्हणाला, "येतो वहिनी."