आवाजाच्या पुढं गेलेलं इमान

दुपारच्याले आंगनात उरलीसुरली बोंडं फोडत बसली का डोळा आपोआप वर जाते. थंडीच्या दिवसात आभाळ कसं धुवून ठेवल्यासारखं राह्यते, अन् त्याच्यातून एक पांढरी रेघ सरकत जाते. पयले सुईत ओवता येईन इतकी बारीक, मंग फुगत फुगत पिंजल्या कापसावानी होते, अन् मंग कुठंच नाई. आवाज येते तो मांगून. कान म्हनते इथं पाय, डोळा म्हनते ते तर कवाचं पुढं निंगून गेलं. आमच्याइथं उतरत नाई त्यातलं एकबी इमान. कोन्या देशातून कोन्या देशात जातेत, खाली बसलेल्याले काय समजन? आमी मदातलं गाव हावो, वरून जाचं. बोंड हातातच राह्यते, अन् मले पोरीचा बाप आठवते.

तो जिनात हमाल होता. दिवसभर कापसाच्या गठानी पाठीवर, अन् घरी आला का भुवयाईवर, कानात, मिशीत रुई. खोकलला तरी रुई पडन असं वाटे. एका वर्षी जिनातल्या शेटनं सर्व्याईले क्यालेंडर वाटले. त्याच्यावर देवबिव काई नोता, एक इमान होतं. पांढरंफेक. पंख आपल्या इमानासारखे नाई, पाठीमांगून घातलेल्या शेल्यावानी, अन् नाक लांब, खाली वाकवलेलं, जसा बगळा पान्यात वाकून पाह्यते. त्याचं इंग्रजी नाव शाळेतल्या मास्तरनं सांगतलं होतं, काँकॉर्ड. आमी घरात चोचीचं इमान म्हनो. वरीस सरलं, तारखाईचा कागद गेला, पन ते चित्र भितीवर तसंच राह्यलं. मी दर दिवाळीच्या आदी भीत पोतो, तर त्याच्या चारीकडून हात फिरवत पोतो, नाईतर हा मानूस जेवे नाई.

मास्तरनं त्याले सांगतलं का हे इमान आवाजाच्या दुप्पट चालते. मानूस पुढं निंगून जाते, अन् त्याचा आवाज मांगून पळत येते. तिकडच्या मोठ्या समुद्रावरून सांच्यापारी मावळतीकडं निंगालं तर बुडालेला सूर्य पुन्हा वर येते, अन् तिकडच्या घड्याळात निंगाल्या टायमाच्या आदीच मानूस उतरते. एवढं ऐकलं अन् याची झोप गेली. चहाच्या टपरीवर ज्याले त्याले धरून हेच सांगे. लोक काय सोडतेत?

"काय बे, उद्या कापूस वेचाले इमानानं जाशीन का?"

"जाईन," हा म्हने. "अन् तू घरून निंगाच्या आदी वेचून वापस येईन."

"मंग मजुरी कालच्या तारखेची घेजो!"

सर्वे हासत, हाबी हासे. पन घरी येऊन चित्रासमोर बसला का हासू नोतं राह्यत. मले माहीत होतं काऊन ते. पोरीच्या आदी आमाले एक पोरगा झालता. दोन वर्साचा होता तवा त्याले ताप भरला, आंग तव्यासारखं. तवा गावात मोटार नोती, पावसानं रस्ता चिखलात गेलता. बंडी जुपली अन् निंगालो. बैल तरी किती जोर लावन? चाक रुतलं का बाप खाली उतरे, खांदा लावे, पुन्हा चढे. पोरगं माह्या मांडीवर होतं. रस्ता अर्धा उरला होता, अन् मले समजलं का आता घाई कराची गरज राह्यली नाई. मी काई बोलली नाई. तो बिचारा पुढं बैलाईले हाकलतच होता. लय वेळ हाकलत होता. मी तसंच हाकलू देल्लं. त्या दिवसापासून ह्याले जोरात चालनारं काई दिसलं का हा रस्त्यात उभा राहून पाहे. मेल गाडी असो, फटफटी असो. लोकाईले वाटे याले हौस हाय.

पोरगी त्या चित्राखाली मोठी झाली. पाटीवर तेच काढे, वंदनेले विहारात गेली तर तिथल्या धुळीत बोटानं तेच काढे. शिकत गेली, आमी शिकवत गेलो. मी दुसऱ्याच्या वावरात निंदाले, वेचाले जाओ. कसं केलं ते काय सांगाचं, ज्यानं केलं त्याले माहीत हाय, अन् ज्यानं नाई केलं त्याले सांगून समजत नाई. ती नागपूरले इंजिनेरीले लागली, अन् एकदा सुटीत आली तर चित्राकडं पाहून म्हनली, "बाबा, हे बंद झालं."

"काय बंद झालं?"

"तुमचं इमान. लय तेल पेत होतं, तिकीट कोनाले झेपत नोतं. एक पडलंबी होतं, मानसं गेली. अन् त्याचा आवाज असा फुटे का खालच्या घराईच्या काचा हालत, मनून लोक आपल्या गावावरून जाऊ देत नोते. आता ते ठेवलं पाह्याले, जुन्या तोफा ठेवतेत तसं."

त्यानं चित्रावरची धूळ हातानं पुसली. मंग म्हनला, "पुढं गेलेली दुनिया मांग आलेली मी आजच पाह्यली."

मले माह्या माहेरची छोटी रेल्वे गाडी आठवली. पुलगावहून आर्वीकडं जाये, खेळन्यासारखी. इतकी हळू का चालत्या गाडीतून उतरून मानूस बोरं तोडून पुन्हा चढे. मी नवी नवरी होती, त्या गाडीतून येताना रडून झालं, डोळे पुसून झाले, कोरडे झाले, तरी माहेर खिडकीतून दिसतच होतं. तेबी बंद पडली. आता म्हनतेत मोठी लाइन होनार. जे सर्व्यात हळू चाले तेबी गेलं, जे सर्व्यात जोरात चाले तेबी गेलं. मदातलं तेवढं राह्यलं, अन् आमाले त्याच्यातच जाचं हाय.

पोरगी अमेरिकेले गेली. तिकडंच नोकरी लागली, इमानाच्याच कामात. बाप पाठीनं वाकला होता, पन गावात छाती काढून फिरे. फोनवर दोघंबी घंटा घंटा बोलत, अन् बोलनं काय, तर इमानाचंच. मले फोन दे म्हनलं का तवर संपून जाये.

उनाळ्यात गेला तो. सकाळी चहा मांगतला, चहा आनून पाह्यते तर मान कलली होती. छातीत रुईच रुई झाली होती, डाक्टरनं तर आदीच सांगतलं होतं.

आता आमच्याइकडं एक चाल हाय. लेक दूर नांदत असन अन् घरी कोनी गेलं, तर तिले गेलं म्हनून सांगाचं नाई. तब्येत खराब हाय, दवाखान्यात हाय, निंग, असं सांगाचं. काऊन का तिनं रस्त्यात दोन घास खावं, यष्टीत चक्कर येऊन पडू नये. ती फाट्यावर उतरते, गावात शिरते, बायाईचं रडनं ऐकू येते, अन् तिचं तिले समजते. तवर चार मानसं सावराले जवळ राह्यतेत. वाईट नाई ही चाल. मायेची हाय. माही माय गेली तवा मलेबी असंच आनलं होतं.

तर माह्या दिरानं पोरीले फोन केला. मी तवा तिच्या बापाच्या उशाशी बसली होती, मले सुध नोती. दिरानं म्हनलं, "बाबू, बाबाले वर्ध्याच्या दवाखान्यात टाकलं. जरा जास्त हाय. निंग." मी फोन केला असता तरी हेच म्हनलं असतं.

पोरगी निंगाली. आमी बर्फाच्या लाद्या आनल्या, भुसा आनला, वर ओलं फडकं. पंचांनी म्हनलं, थांबू, एकुलती एक लेक हाय, तिनं तोंड पाह्यलं पायजे. रात गेली. दिराचा जावई नागपूरले इमानतळावर जाऊन उभा राह्यला. ती ज्या इमानानं येनार होती ते आलं, सर्वे उतरले, ती नाई उतरली. त्यानं फोन केला, "मामाजी, ताई नाई आल्या. इमान चुकलं दिसते." तिचा फोन लावला तर लागे नाई, तिकडचा नंबर इकडं चालत नोता.

ऊन चढलं. बर्फ मोरीतून वाहून आंगनात आला, लेकरं त्याच्यात पाय देत होती. वास सुटाले लागला, ते मी सांगत नाई. दीर माह्याजवळ येऊन बसला.

"वयनी, काय म्हनता? आज ते येत नाई आता."

मी त्याच्या तोंडाकडं पाह्यलं, मेलेल्याच्या. लेकीले हे तोंड दाखवाचं का, जे आता त्याचं राह्यलं नोतं?

"उचला," मी म्हनली.

भंतेजीनं वंदना घेतली, पांढरं कापड टाकलं, अन् नेलं.

मानसं माती देऊन नदीवर आंग धुवून येत होती, ओल्या पायानं, तवा एक मोटार आंगनात येऊन थांबली. पोरगी उतरली. सर्व्याईचे ओले पाय पाह्यले तिनं. कोनाले काई इचारा लागलं नाई.

मंग दिराजवळ गेली. आवाज चढवला नाई. "काका, दवाखान्यात तर म्हनतेत असा कोनी पेशंटच नाई. मी सर्वे वार्ड पाह्यले. म्हाताऱ्या मानसाईच्या तोंडावरच्या चादरी सरकवून पाह्यल्या. मले वाटलं, नाव लिवाले चुकले असन."

तिनं घाई केली होती. दिल्लीले धावत पळत आदीचं इमान धरलं, मनून आमच्या मानसाच्या आदी नागपूरले उतरली. तिथं कोनी दिसलं नाई, तर जिथं बाप हाय म्हनून सांगतलं होतं तिथं गेली. सरळ. बाप घरी बर्फावर तिची वाट पाहून राह्यला, अन् ती वर्ध्यात त्याले खाटाखाटावर शोधून राह्यली.

"दोन समुद्र ओलांडून आली, माय," ती म्हनली, "अन् वर्ध्यात चुकली." एवढंच. रडली तेबी नाई तवा. दिरानं तिचे पाय धरले. तो वयानं मोठा, तिनं त्याले उठवलं. त्याचं काई चुकलं असं मी आजबी म्हनत नाई. आमची ती लबाडी यष्टीच्या मापाची होती. आपल्या तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात पुरे एवढी. ते माप इमानाले पुरलं नाई.

तवापासून मी कितीकदा मनातल्या मनात ते चोचीचं इमान चालू करून पाह्यलं. ते बंद पडलं नसतं तर? आमच्या देशात ते कधी येतच नोतं, तिकडच्या समुद्रावरच जाये, हे मले माहीत हाय. आलं असतं तरी ती अजून आदी उतरली असती, अजून आदी वर्ध्यात गेली असती, अन् अजून जास्त वेळ चादरी सरकवत फिरली असती. जोर कमी पडला नोता. बंडीच्या टायमाले पडला होता, तो हिशेब येगळा. ह्या टायमाले मानूस आवाजाच्या पुढं निंगून आलं, अन् खरं काय ते मांगून, ओल्या पायानं, चालत आलं.

पोरगी आता म्हनते का तशे इमान पुन्हा येनार. अमेरिकेत बनवून राह्यले, तीबी त्याच कामात हाय. म्हनते, ह्या टायमाले आवाज फुटनार नाई. वरून जाईन तर खालच्याले शेजारच्या घराचं दार लागल्यावानी वाटन, बस. तिचं काम तेच, तो आवाज मवाळ कराचं. फोनमदी सांगताना तिचं तोंड बापासारखं होते. मी इचारलं, "त्याच्यात बसन कोन?"

"पयले पैसेवाले, मंग सर्वे. मोबाइलबी असाच आलता, माय."

आला खरा. मी नाई म्हनत नाई. होतेबी असन, नाईबी होत असन. आमच्या आर्वीच्या मोठ्या लाइनीचंबी पोट्टे असंच म्हनतेत. मी काई ते पाह्याले राह्यत नाई.

मांगच्या हप्त्यात मी दिराले बोलावलं. तोबी आता काठीवर आला. चहा देल्ला अन् म्हनलं, "भाऊजी, मी मेली का पोरीले मेली म्हनूनच सांगजा. दवाखाना नोको, तब्येत नोको."

"वयनी, तोंडातून कसं निंगन ते?"

"जसं माह्या तोंडातून निंगून राह्यलं तसं निंगन. अन् बर्फ आनू नका. थांबू नका कोनासाठी."

त्यानं चहा पेला, काठी हातात घेतली. मंग 'बरं' म्हनला.

रातच्या जेवनाआदी पोरीचा फोन आला, तिच्याकडं सकाळ होती. तिलेबी तेच सांगतलं, लपवून काय ठेवाचं.

"मंग मी हे इमान कोनासाठी बनवून राह्यली, माय?"

"ज्याचं कोनी जितं हाय त्याच्यासाठी बनव," मी म्हनली. "अन् तूबी मी जिती हावो तवर ये. सध्याचं जे हळू हाय, त्याच इमानानं ये. मले घाई नाई."

थंडीत येतो म्हनली. कोनत्या थंडीत, ते मी इचारलं नाई.