सोमवारी आम्ही मासे खात नाही

नवीन पनवेलात एका सोसायटीच्या तळमजल्यावर सरांचा स्पॅनिशचा क्लास होता. परकी भाषा येत असली की कंपनीत चटकन नोकरी लागते, अशी तेव्हा हवा होती. आमच्या गव्हाणसारख्या गावांतली पोरंही एसटी पकडून तिथे यायची. मी त्यातलीच. दोन वर्षं शिकले, परीक्षा पास झाले आणि मग सरांच्या हाताखाली राबायला लागले. हजेरी घ्यायची, वह्या तपासायच्या, फळा पुसायचा. सर चारचौघांत म्हणायचे, "ही आपल्या क्लासचा आधार आहे." मला ते खरं वाटायचं. आता आठवलं की सरांच्या आधी स्वतःचाच राग येतो.

सर हुशार होते, त्यात वाद नाही. पण शिकवायचे इंग्रजीतून, आणि अनेकवचनाचा धडा आला की गावाकडची पोरं गळायला लागायची. एकदा क्लास सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं. "तू मराठीतून नोट्स काढ," ते म्हणाले. "या पोरांचं डोकं तुला कळतं. नोट्स जमल्या तर जूनपासून सकाळची बॅच तुझी. शिकवायचं तूच."

मी घरी येऊन आईला सांगितलं. आई चौथीपर्यंत शिकलेली. तिने दिवे लागायच्या आत अख्ख्या आळीत बातमी पोचवली की आमची पोर मास्तरीण होणार. पत्र्याच्या पेटीतली तिची अबोली रंगाची साडी बाहेर निघाली, उन्हात पडली आणि इस्त्रीलाही गेली. जूनला अजून दोन महिने होते.

नोट्स मी जीव ओतून काढल्या. सुरुवात मराठीपासूनच केली. म्हटलं, बाळांनो, तुम्ही घोड्याचे घोडे करता, नदीच्या नद्या करता आणि दगडाला हातही लावत नाही. एक दगड, दहा दगड. एवढा गोंधळ तुम्ही रोज न चुकता निभावता, मग स्पॅनिशला काय घाबरता? तिथे शब्द स्वराने संपला तर 'स' लावा, लिब्रोचं लिब्रोस, पुस्तकाची पुस्तकं. व्यंजनाने संपला तर बहुतेक वेळा 'एस' लावा. त्याला मी आमच्या घरातला शब्द घेतला, रेद, म्हणजे जाळं. अनेक जाळी म्हणजे रेदेस. बाबा ओटीवर जाळं शिवत बसलेले असायचे आणि मी त्यांच्यासमोर बसून ते लिहायचे.

सोमवार ते शुक्रवार ही वारांची नावं मात्र आपल्या दगडासारखी, अनेकवचनातही तशीच राहतात. फक्त नावाआधीचं 'एल' हे उपपद जाऊन 'लोस' येतं. त्याला मी उदाहरण दिलं, 'लोस लुनेस नो कोमेमोस पेस्कादो.' सोमवारी आम्ही मासे खात नाही. आमच्याकडे सोमवार शंकराचा, त्या दिवशी चुलीवर मासा चढत नाही. दुसरं उदाहरण मला सुचलंच नाही.

मेच्या अखेरीस मी वही सरांना दिली. त्यांनी चाळली आणि म्हणाले, "सोनं आहे हे." मी एसटीत खिडकीशी बसून ते दोन शब्द घरापर्यंत घोळवत आले.

जूनच्या पहिल्या शनिवारी क्लासमध्ये गेले, तर टेबलावर नव्याकोऱ्या छापील पुस्तिकांचा गठ्ठा. वर सरांचं नाव, आत सरांचं मनोगत. माझी जाळी गेली होती, तिथे हॉटेल आणि हॉटेलेस आलं होतं. घोडे, नद्या, दगड जसेच्या तसे. 'बाळांनो'सुद्धा तसंच. मी पानं उलटत वारांपर्यंत आले. सोमवारी आम्ही मासे खात नाही. ते तसंच राहिलं होतं. सर पक्के शाकाहारी. क्लासच्या दारावर त्यांनी पाटी लावली होती, की डब्यात मासे आणू नयेत.

मी विचारलं, "सर, तुमच्याकडे बाकीच्या वारी मासे कधीपासून व्हायला लागले?"

त्यांनी पान बघितलं. जरा लाल झाले. मग म्हणाले, "उदाहरण आहे ग ते. कुठलंही चालतं."

"आणि सकाळची बॅच?"

"ती माझी भाची घेणार आहे. पुण्याहून आलीय. हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. आता चांगल्या घरचे पालक येतात. तुझं बोलणं थोडं गावाकडचं वाटतं. हजेरीचं काम तुझंच आहे की."

माझी मराठी छापायला चालली आणि बोलायला चालली नाही. हे त्यांच्या तोंडावर म्हणायला हवं होतं. पण मी म्हटलं, "बरं सर," एक पुस्तिका उचलली आणि बाहेर पडले. एसटीत कंडक्टरला गावाचं नाव दोनदा सांगावं लागलं.

आई दारातच होती. तिने पुस्तिका माझ्या हातातून घेतली आणि बोट फिरवत मराठी तेवढं वाचत गेली. वारांच्या पानावर थांबली आणि हसायलाच लागली. "ही त आपले घरातली गोष्ट हाय." मग तिने पुढचं पान बघितलं, मागचं बघितलं. "तुजं नाव कुटं हाय?"

"राहिलं छापायचं," मी म्हटलं. "पुढच्या वेळी येईल."

"मंग सोमवारपासून जाशील ना शिकवाला?"

तिच्या तोंडाकडे बघून मला नाही म्हणवेना. सरांनी मला फसवलं त्याच दिवशी मी आईला फसवलं. सोमवारी तिची अबोली साडी नेसून मी पहिल्या एसटीने पनवेलला गेले आणि अकरापर्यंत स्टँडच्या बाकावर बसून राहिले. निऱ्या चुरगळू नयेत म्हणून मध्ये मध्ये उभी राहत होते. मग परतीची गाडी धरली.

आई माझीच वाट बघत जेवायची थांबली होती.

"काय शिकवलंस?"

"अनेकवचन."

"पोरांना कललं?"

"कळलं," मी म्हटलं. तिने माझं ताट वाढलं. सोमवार होता, म्हणून वालाचं कालवण होतं.