आसरांच्या कापडाला माप लावत नाहीत

माजलगावच्या धरणाचं पाणी आमच्या शेताच्या खालच्या अंगाला येऊन टेकतं. तिथं काठावर शेंदूर लावलेले सात दगड आहेत. त्या साती आसरा, पाण्यातल्या सात बहिणी. बाई पाण्यावर दचकली किंवा गरोदरपणात सुकायला लागली की त्यांना हिरवा खण आणि दहीभात जातो. फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला पुण्यात कलेक्शनचा विषय मागितला, तेव्हा वर्गातल्या मुली फुलपाखरं आणि राजवाडे घेऊन बसल्या. मी आसरा घेतल्या.

सात बहिणींचे सात पोशाख. एक शेवाळाचा, एक गाळाच्या रंगाचा. घेराच्या कडेत काठावरचे खडे शिवून टाकले, म्हणजे कोरडं कापडसुद्धा भिजल्यासारखं लोंबावं. सगळ्यात धाकटीचा पोशाख पांढरा, पोटाशी भरपूर चुण्या असलेला. पाणी म्हणजे भरलेलं पोट, असं मी मास्तरांना झोकात सांगितलं होतं. मास्तर खूश झाले आणि मी तर हवेतच होते.

शिवायला घरी आले. भरलेल्या पोटाचं माप हवं होतं आणि वहिनीला आठवा महिना लागलेला. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं, त्यामुळं घरात सगळे तिला तळहातावर झेलत होते. मी हौसेनं तिचं माप घेतलं, पोशाख शिवला आणि भरदुपारी तिला घालून बघितला. मी पुढं गुडघ्यावर बसून खालची कड टाचत होते, टाचण्या तोंडात. वहिनी म्हणाली, "ताई, पाठीवरचा हात काढा ना, लई गार हाय." माझे दोन्ही हात तिच्या पायाशी होते. खोलीत आम्ही दोघीच.

आई दारात येऊन उभी राहिली. पोशाख बघून तिनं माप कुणाचं म्हणून विचारलं. मी सांगितलं, तसा तिनं पोशाख वहिनीच्या अंगावरून उतरवला. आसरांचं कापड नुसत्या नजरेनं कापायचं असतं, टेप लावायचा नसतो. जिच्या मापाचं शिवलं, ती त्यांना देऊन टाकली असं धरतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी आसरांना कापड वाहत नव्हते, मी कलेक्शन करत होते, असं मी आईशी तावातावानं भांडले. आई पोशाखाची घडी घालत राहिली. तिच्या त्या घडी घालण्याचा मला भयंकर राग आला.

त्यानंतर वहिनीच्या साडीचा काठ सारखा ओला दिसायला लागला. ती मोरीकडं गेलेली नसायची, तरी चालली की फरशीवर ओली पावलं उठायची. मी पुसायची आणि स्वतःला समजवायची की गरोदर बाईला घाम येतो, त्यात काय एवढं. एका सकाळी ती म्हणाली, पोटातलं हालेना झालंय. भावानं गाडी काढली, आम्ही तिला माजलगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचे ठोके आहेत पण मंद आहेत, इथंच ठेवा. आई आमच्यासोबत आली नाही. सून अशी पडलेली आणि ही घरात बसते, म्हणून भाऊ वाटभर चिडला होता.

संध्याकाळी बाळ हलायला लागलं. पुढं दिवस भरून मुलगी झाली, चांगली ठणठणीत. मी पोशाखांची पेटी बांधून पुण्याला गेले.

शोच्या दिवशी धाकटीचा पोशाख मॉडेलला बसेना. खांदे उतरत होते, पोटाशी एकही चुणी उरली नव्हती. मी अस्तर उलटं केलं. बाजूच्या शिवणी उसवून हातानं पुन्हा घातल्या होत्या, मोठे, वाकडे टाके, हिरव्या दोऱ्याचे. रुंद खांदे, सपाट पोट, आखूड उंची. ते आईचं माप होतं. तिथंच, रंगवलेल्या चेहऱ्यांच्या गर्दीत, मला रडू फुटलं. तो पोशाख मी बाहेर पाठवला नाही. सहाच बहिणी चालल्या आणि लोकांना ती कल्पनाच वाटली. टाळ्या पडल्या, बक्षीसही मिळालं.

घरी आल्यावर मी आईला गाठलं. ती नातीला पायावर घेऊन तेल लावत होती. हे कावून केलंस म्हणून मी ओरडलेच. ती शांतपणे म्हणाली, "न्यायला आल्या व्हत्या, रिकाम्या हातानं कशा जातील? मी म्हनलं, मला न्या. पन नातीला पायावर चालू द्या, मग येते. ऐकल्या त्या."

मी तिला वेडी म्हणाले, हसलेही. पुण्याला परत आले आणि कामाला लागले.

मागच्या आठवड्यात वहिनीनं व्हिडिओ पाठवला. पोर भिंतीचा हात सोडून उभी राहते, एक पाऊल टाकते आणि बसते. सगळे हसतायत, भाऊ टाळ्या वाजवतोय. आई दोन्ही हात पसरून तिला पुढं बोलावतेय, ये माझी माय, ये, अजून एक. मला तो पूर्ण बघवला नाही.