चौथ्या आठवड्याची सूचना

ओझेला टार्वर यांनी अलाबामातल्या टोलिव्हर काउंटीत छत्तीस वर्षे चौथीच्या मुलांना राज्याचा भूगोल, इतिहास आणि कारभार शिकवला. तिन्ही विषय एकाच पुस्तकात बांधलेले होते आणि त्यांचा एकमेकांशी कुठेही संबंध येऊ नये याची पुस्तकाच्या कर्त्यांनी मोठ्या कौशल्याने व्यवस्था केली होती. भूगोलात काळी माती होती, इतिहासात कापूस होता आणि कारभाराच्या धड्यात राज्यपालांच्या निवासस्थानाचे रंगीत चित्र होते. काळ्या मातीत कापूस कोणी पिकवला आणि पिकवणाऱ्यांना त्या कारभारात किती जागा मिळाली, हा प्रश्न स्वाध्यायात नव्हता. टार्वरबाईंनीही तो कधी विचारला नाही. त्यांचे पणजोबा त्याच मातीत गुलाम म्हणून राबले होते. पण परीक्षेला जे नाही ते वर्गात नको, ही शिस्त त्यांनी स्वतःच्या रक्तालाही लावली होती.

एका गोष्टीचा त्यांना विशेष अभिमान असे. १९०१ सालची आपली राज्यघटना साऱ्या जगात सर्वांत लांब आहे, असे त्या दरवर्षी मुलांना सांगत. मुले टाळ्या वाजवत. लांबीबद्दल टाळ्या वाजवाव्यात असे आपण मुलांना का वाटू देतो, हे मनात यायला त्यांना निवृत्तीनंतरची सहा वर्षे आणि आरोग्य खात्याची एक नोटीस लागली.

त्यांचा जन्म दुसऱ्याच्या शेतावरच्या दोन खोल्यांत झाला. वडिलांनी आयुष्याच्या उतरणीला चार एकर जमीन घेतली, तीही गोऱ्या मालकाला नकोशी झालेली, पावसाळी हिवाळ्यात गुडघाभर पाणी धरणारी. मुलगी शिक्षिका होऊन राजधानीतून परत आली आणि काळ्या मुलांच्या शाळेत लागली. १९७० साली काळ्यांची आणि गोऱ्यांची शाळा कागदावर एक झाल्या. त्याच उन्हाळ्यात गोऱ्या कुटुंबांनी चंदा गोळा करून आपली वेगळी अकादमी काढली आणि एक झालेली शाळा पुन्हा काळ्यांचीच उरली. पुस्तक मात्र तेच राहिले. या सगळ्या उलथापालथीत बदलायला नको असे सर्वांना मान्य असलेले तेवढेच एक होते.

आता त्या मातीविषयी. पावसात ती फुगून मेणासारखी घट्ट होते, उन्हात हाताएवढ्या भेगा टाकते, आणि खाली चुनखडीचा थर असतो जो थेंबभर पाणी पिऊ देत नाही. तिच्यात शोषखड्डा खणला तर तो शोषत नाही. घरातून गेलेले सारे दुसऱ्या पावसात घरात परत येते. म्हणून टार्वरबाईंच्या रस्त्यावरच्या अकराही घरांतून एकेक पाइप निघून मागच्या चरात सुटे. याबद्दल कोणी बोलत नसे. पाहुणे आले की त्यांना पुढच्या ओसरीवर बसवत, बर्फ घातलेला गोड चहा देत, आणि वारा फिरला तर विषयही फिरवत. या भागातल्या लोकांच्या सभ्यतेची सगळीकडे तारीफ होते. तिचा निम्मा भाग नाक मुठीत धरून हसण्याच्या सरावातून आला आहे, हे तारीफ करणाऱ्यांना ठाऊक नसते.

ऑक्टोबरात आरोग्य खात्याचा एक तरुण निरीक्षक आला. त्याने चहा घेतला, दोनदा आभार मानले, मागे जाऊन फोटो काढले आणि जाताना दाराला नोटीस चिकटवली: नव्वद दिवसांत सांडपाण्याची मान्यताप्राप्त व्यवस्था बसवा, नाहीतर फौजदारी गुन्हा. अभियंत्याने येऊन सांगितले, की या मातीवर बाहेरून भराव आणून उंचवटा बांधावा लागेल, त्याचा खर्च घराच्या किमतीहून अधिक होईल, आणि एवढे करूनही तो टिकेलच असे लिहून देता येणार नाही. सत्तरी गाठलेल्या टार्वरबाईंना आयुष्यात कधी साधा वाहनाचा दंडही झाला नव्हता. आपले नाव गुन्हेगारांच्या वहीत जाणार, ही एकच गोष्ट त्यांना झोपेतून उठवू लागली.

बाई काउंटीचा कारभार पाहणाऱ्या मंडळापुढे गेल्या. पाचांपैकी चार सदस्य आता काळे होते, दोघे त्यांचेच विद्यार्थी. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, आदराने ऐकून घेतले आणि आम्हाला अधिकार नाही असे सांगितले. अकरा घरांसाठी एक सामाईक वाहिनी टाकायची, तर त्यासाठी राजधानीतल्या विधिमंडळाने या काउंटीपुरता स्वतंत्र कायदा करायला हवा. का, असे बाईंनी विचारले. अध्यक्ष म्हणाले, की घटनेतच तसे आहे, आणि ते तुम्हीच आम्हाला शिकवले होते.

शिकवले नव्हते, कारण वाचलेच नव्हते. त्या आठवड्यात टार्वरबाईंनी काउंटीच्या ग्रंथालयातून घटनेचा जाडजूड खंड आणला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो वाचला. ज्या गृहस्थांनी ती लिहिली त्यांनी आपला हेतू लपवण्याचीही तसदी घेतली नव्हती. राज्यात गोऱ्यांचे वर्चस्व कायद्याने पक्के करायचे, असे ते सभेत उघड बोलले होते. काळ्यांची मते त्यांनी एकेका कलमाने काढून घेतली. आणि पुढेमागे काळ्यांची बहुसंख्या असलेल्या काउंट्यांत भलतेच लोक निवडून आले, तरी त्यांच्या हाती काही लागू नये म्हणून साऱ्या किल्ल्या राजधानीत नेऊन ठेवल्या. तेव्हापासून कुठल्या काउंटीला डास मारायचे असले तरी त्याचे कलम घटनेच्या शेपटीला जोडावे लागे. जगात सर्वांत लांब झालेली ती वस्तू अशी वाढली होती. छत्तीस वर्षांतली प्रत्येक टाळी टार्वरबाईंना एकेक करून ऐकू आली. त्यांनी पुस्तक मिटले, मक्याच्या ब्रेडचा तुकडा ताटात तसाच ठेवला आणि आमदारांना पत्र लिहायला घेतले.

आमदार भला माणूस होता, म्हणजे त्याने पत्राला उत्तर दिले. विधेयक मांडतो म्हणाला. मात्र अशा स्थानिक कायद्याची सूचना आधी काउंटीच्या वर्तमानपत्रात सलग चार आठवडे छापून यायला हवी. पुढे नव्वद दिवस भरून टार्वरबाईंवर खटला दाखल झाला, तेव्हा न्यायाधीश क्लिफ्टन हारग्रोव्ह यांनी तो विधेयकाचा निकाल लागेपर्यंत पुढे ढकलला. तेही बाईंचेच जुने विद्यार्थी.

वर्तमानपत्र दर बुधवारी निघे आणि ते वेन्डेल टॅली चालवत. टॅली गोरे, बाईंहून वीस वर्षांनी लहान. ते त्यांना ‘मिस ओझेला’ म्हणत, त्या त्यांना ‘मिस्टर टॅली’ म्हणत. या देवाणघेवाणीत कोणाला पहिले नाव मिळते आणि कोणाला आडनाव, याचा हिशेब दोघांनाही तोंडपाठ होता. नोव्हेंबरच्या तीन बुधवारी सूचना आली. तिन्ही वेळा बाईंनी ती वाचली, कात्रण काढले, तारीख टाकली.

चौथ्या बुधवारच्या आधीच्या शनिवारी राज्यातल्या दोन मोठ्या विद्यापीठांचा फुटबॉलचा सामना होता. टोलिव्हर काउंटीत काळे आणि गोरे यांची चर्च वेगळी, शाळा वेगळ्या, दफनभूमी वेगळ्या. फक्त या एका दिवशी लोक रंग विसरून दोन तट पाडतात, आणि तेही जर्सीच्या रंगावरून. प्रवचन लवकर संपते, लग्नांच्या तारखा बदलतात. न्यायासाठी कधी एकत्र न आलेली माणसे त्या दिवशी एकाच दूरदर्शन संचापुढे एकमेकांच्या खांद्यावर पडून रडतात. आपल्या राज्याला एकोपा येतो असे म्हणून मग त्याचेही कौतुक होते.

टॅलींनी चौथ्या आठवड्यात शेवटच्या क्षणाचे छायाचित्र पानभर छापले आणि जागा हवी म्हणून कायदेशीर सूचनांचे पान काढून टाकले. ‘पुढच्या आठवड्यात टाकू’, असे ठरवून ती सूचना त्यांनी पाचव्या बुधवारी छापली आणि चार कात्रणांसह शपथपत्र आमदाराकडे धाडले. सही करताना त्यांनी तारखा पाहिल्या नाहीत.

टार्वरबाईंनीही पाहिल्या नाहीत. त्यांना लहानपणापासून त्या खेळाचे वेड होते आणि त्यांचे विद्यापीठ त्या शनिवारी जिंकले होते. चौथ्या बुधवारी त्यांनी पेपर उघडला, ते छायाचित्र पाहिले, सामन्याचा मजकूर दोनदा वाचला आणि सूचना आतल्या पानावर असेलच असे धरून पेपर शेजाऱ्याला दिला.

मे महिन्यात, अधिवेशनाचे चार दिवस उरले असताना, वरच्या सभागृहातल्या एका कारकुनाने तारखा जुळवल्या. आमदाराचा फोन आला. विधेयक काढून घ्यावे लागले, याचे आपल्याला वाईट वाटते, असे तो म्हणाला. पुन्हा सूचना द्या, पुढच्या वर्षी पाहू.

बाई टॅलींच्या छापखान्यात गेल्या.

“मिस ओझेला, चार वेळा छापायची होती, चार वेळा छापली,” टॅली म्हणाले. “मी माझ्याकडून काही कमी केलं नाही.”

“सलग चार आठवडे, मिस्टर टॅली.”

“अहो, त्या आठवड्यात सामना होता.” घरात मयत झाली होती असे सांगावे, तसे त्यांनी ते सांगितले. मग जरा पुढे वाकून म्हणाले, “खरं सांगा. त्या दिवशी तुम्ही पेपर उघडून आधी काय पाहिलंत?”

रागाने आलेल्या माणसाला खरे उत्तर देता येऊ नये, याहून मोठी नामुष्की त्यांना ठाऊक नव्हती. त्या एवढेच म्हणाल्या, की जूनपासून सूचना पुन्हा सुरू करा. अधिवेशनाला अजून आठ महिने आहेत, टॅली म्हणाले. बाई म्हणाल्या, की नोव्हेंबरवर आता त्यांचा भरवसा नाही.

घरी शेजारी जुनियस बॉयकिन फाटकाशी उभा होता. साठीचा, बडबड्या, त्याच रस्त्यावरच्या सातव्या घरातला. त्याने हळूच सांगितले, की सामन्याचे ते पान आपल्या फ्रिजवर अजून लावलेले आहे.

“फाडू का, मिस ओझेला?”

“राहू दे. या काउंटीने कशासाठी काय दिलं, ते कुठेतरी लिहिलेलं असावं.”

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खटला उभा राहिला. अशा खटल्यांची टोलिव्हरमध्ये एक रीत पडून गेली होती. आरोपीने एका छापील कागदावर सही करायची, की नव्वद दिवसांत मान्यताप्राप्त व्यवस्था बसवीन. न्यायालयाने त्याला सोडायचे. नव्वद दिवसांनी निरीक्षकाने पुन्हा यायचे. व्यवस्था बसणार नाही हे सही करणाऱ्याला, करवून घेणाऱ्याला आणि माती तपासणाऱ्याला सारखेच माहीत असे. जुनियसने तीनदा सही केली होती आणि चौथ्यांदाही करणार होता. एका आख्ख्या काउंटीचा कारभार या खोट्यावर सुरळीत चालला होता आणि कोणालाही त्यात खोटे बोलल्यासारखे वाटत नव्हते.

“मिस टार्वर, खाली सही करा आणि घरी जा,” न्यायाधीश म्हणाले. “जेवणाच्या वेळेपर्यंत पोचाल.”

“यात लिहिलंय की मी बसवीन. मी नाही बसवणार. त्या मातीत ते बसत नाही. तुला ठाऊक आहे, क्लिफ्टन. तू त्याच रस्त्यावर वाढलास.”

न्यायालयात कोणीतरी खोकले. न्यायाधीशांनी चष्मा काढला.

“सगळे करतात, मॅम.”

“म्हणूनच तुझं ते सह्यांच्या कागदांचं कपाट भरलंय.”

“मग मला दुसरा मार्ग राहत नाही.”

“राहतो. निकालात लिही, की हे करणं शक्य नाही. न्यायाधीशाला तेवढं लिहिता येतं.”

हारग्रोव्ह यांनी कागद पुढे ओढला. माणूस वाईट नव्हता. पण तिथे न्यायाधीशही निवडून येतात, आणि पुढच्या वर्षी त्याची निवडणूक होती. असे निकालात लिहिले तर चारशे घरांचे निकाल फिरतील, आणि राजधानीतून विचारणा होईल. त्यांनी पाच दिवसांचा तुरुंगवास लिहिला आणि लिहिताना मान वर केली नाही. जुनियसचे नाव पुकारले गेले. तो पुढे आला, बाईंकडे न बघता सही करून मोकळा झाला.

तुरुंगात सगळे फार अदबीने वागले. शिपायाने दुसरी गादी आणली. शेरिफच्या घरून पीच भरून भाजलेला गोड ‘पाय’ आला. तो त्यांनी न खाता परत पाठवला. असल्या अदबीचा त्यांना आता उबग आला होता. सत्तर वर्षे याच अदबीने त्यांना पुढच्या ओसरीवर बसवून ठेवले होते.

बुधवारी जुनियस पेपर घेऊन आला. गजांपाशी उभा राहून टोपी फिरवत त्याने विचारले, की आत कसे आहे.

“इथला संडास गावाच्या गटाराला जोडलेला आहे,” बाई म्हणाल्या. “राहत्या जागी मी आयुष्यात पहिल्यांदाच कायद्याने वागते आहे.”

जुनियस हसला, आणि मग त्याला हसवेना. आपण सही केली ती चुकली का, असे त्याने विचारले. बाईंनी त्याला सोडले नाही. चुकली, असे सरळ सांगितले, आणि चौथीचे ते पुस्तक मी छत्तीस वर्षे शिकवले तेही चुकले, असे जोडले. मग पेपर मागितला. चष्मा आत घेऊ दिला नव्हता, म्हणून सातव्या पानावरची सूचना त्यालाच वाचायला सांगितली. त्याने मोठ्याने वाचली: टोलिव्हर काउंटीच्या अमुक रस्त्यालगतच्या घरांसाठी सांडपाण्याची सामाईक वाहिनी टाकण्याचा अधिकार मंडळास देण्याविषयीचे विधेयक, वगैरे, तारखेसह, शेवटच्या शब्दापर्यंत.

पलीकडच्या कोठडीतून एका बाईचा आवाज आला. तिलाही त्याच गुन्ह्यासाठी आणले होते. सही करायला ती वेळेवर पोचू शकली नव्हती.

“आमचा रस्ता येतो का हो त्यात? नदीकडचा, जुन्या गिरणीमागचा?”

जुनियसने बाईंकडे पाहिले. बाईंनी विधेयक स्वतःच लिहून दिले होते. त्यात कोणता रस्ता आहे आणि कोणता नाही, हे त्यांना पाठ होते. लिहिताना त्यांनी आपल्या घरापासून मोजायला सुरुवात केली होती आणि अकराव्या घरापाशी थांबल्या होत्या.

“नाही,” त्या म्हणाल्या. “तुमच्यासाठी वेगळा कायदा लागेल.” मग त्यांनी जुनियसकडून पेन मागून घेतले आणि पेपरच्या कडेला त्या बाईचे नाव विचारून लिहिले.