दुसऱ्या बाजूचं गाणं

पंचवटीतल्या फुलं विकणाऱ्या घरातला भारत जेजुरकर ऐन विशीत न्यू वेव्ह नावाचं तेव्हाचं नव्या धाटणीचं पाश्चात्त्य पॉप वाजवणाऱ्या एका बँडमध्ये गायचा. बँडच्या कॅसेटवर त्याचं एकच गाणं होतं, 'पिवळा दिवा', तेही दुसऱ्या बाजूला. कॅसेट खपली, पण ती उलटी करायचे कष्ट फारसे कुणी घेतले नाहीत. पुढे सीडी निघाली तेव्हा बँडवाल्यांनी त्याला न विचारता त्याचा आवाज काढून दुसऱ्याचा चढवला. यंदा शौकिनांसाठी तबकडी निघाली, मोबाइलवरही गाणं आलं. आवाज त्या दुसऱ्याचाच. कव्हरवरच्या फोटोत भारतचा नुसता खांदा उरलाय.

"नालायक साले! मूळ कॅसेट माझ्याकडे आहे. ऐकवतोच आता सगळ्यांना," म्हणत त्याने माळ्यावरून टेपरेकॉर्डर काढला आणि लेकीला, दिशाला, समोर बसवून दुसरी बाजू लावली.

बायकांचा गलका ऐकू आला, मग पाळणा. दिशाच्याच बारशाचा. बायकोने, साधनाने, कॅसेट पुसली जाऊ नये म्हणून ठेवलेल्या खाचेवर चिकटपट्टी लावून गाण्यावरच बारसं टेप केलं होतं.

भारत कडाडला, "माझंच गाणं सापडलं तुला पुसायला?"

"कॅसेट तुम्हीच काढून दिली होती," साधना म्हणाली. "म्हणालात, ही बाजू कुणी ऐकत नाही."