तिसरा दाब

गॅरेजच्या पाटीवर नाव वेगळंच होतं, पण लोक म्हणायचे, "नाडीवाल्याकडे ने." नाडीवाला म्हणजे पंचावन्नचा काटक गडी, बोटांच्या पेरांत काळं तेल कायमचं मुरलेला. हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक चालू इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटायचे. गिऱ्हाईक श्वास रोखून उभं. मग डोळे उघडून एकच वाक्य, "वरचा व्हॉल्व्ह ढिला झालाय." उघडून बघावं तर तस्सं. दुसरे मेकॅनिक अर्धी गाडी खोलून जे सांगायचे, ते हा न खोलता सांगायचा. तीस वर्षं त्याचा सगळा रुबाब या एका गोष्टीवर उभा होता.

आणि अडीच वर्षांपूर्वी त्याचे कान गेले.

अगदी ठार नाही गेले. हातोडा ऐकू यायचा, ट्रकचा हॉर्न यायचा, माणूस समोर तोंड करून बोललं तर बोलणं कळायचं. पण बारीक आवाज, ती किरकिर, ती पत्र्यावर पत्रा घासल्याची खिसखिस, एकेक करून निघून गेले. निरोपसुद्धा घेतला नाही मेल्यांनी. हे ठाऊक होतं दोघांनाच. बायकोला आणि साडूला.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. लग्नानंतर वर्षभर खिशात हात घालून हिंडत होता, तेव्हा नाडीवाल्यानंच त्याला हाताखाली घेतलं, पान्याचे नंबर शिकवण्यापासून. त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती. कानांचं कळलं तेव्हा तोडगा साडूनंच काढला.

"साडूभाऊ, तुम्ही स्क्रूड्रायव्हर लावून डोळे मिटा, नेहमीसारखे. मी मागं उभा राहतो, खांद्यावर हात ठेवून. एकदा दाबलं तर वरचं काम, व्हॉल्व्ह-बिल्व्ह. दोनदा दाबलं तर खालचं, क्रँकचं बेअरिंग. तीनदा दाबलं तर क्लच."

"आणि मध्येच तुला शिंक आली तर?"

"तर सांगा, गाडीला सर्दी झालीय."

दोघं पोट धरून हसले होते. फसवणूक म्हणावी तर होतीच. पण दुखणं खरं सांगितलं जायचं, काम चोख व्हायचं, म्हणून नाडीवाला मनाची समजूत घालून घ्यायचा. हळूहळू त्याला तो खांद्यावरचा हात आपलाच कान वाटू लागला.

त्या दुपारी रोपवाटिकेच्या बाई आल्या. टेकडीवर त्यांची रोपवाटिका, आणि रोपांचे ट्रे वर न्यायला त्यांनी चार एटीव्ही ठेवलेल्या. मोटरसायकलचं हँडल, फुगीर चाकं चार, असलं ते धूड. त्यातली एक टेम्पोतून उतरवून त्या म्हणाल्या, "चढावर जीव टाकते हो ही. आणि नुसती उभी असली तरी पोटात खडखड, खडखड."

"बघू नाडी," असं म्हणत त्यानं गाडी चालू केली. स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले. मागून हात आला. डाव्या हातानं त्यानं क्लचची मूठ आवळली, सोडली, पुन्हा आवळली. तळहाताला इंजिनाची सगळी एकच थरथर. खांद्यावर एक दाब आला. दुसरा आला. तिसऱ्यासाठी तो जरा थांबला. आला नाही.

"क्रँकचं बेअरिंग," डोळे उघडून तो म्हणाला. "इंजिन पूर्ण उतरवावं लागेल, बाई. पंधरा दिवस धरा."

"पंधरा दिवस? अहो, ऐन लागवडीत?"

तेवढ्यात खांद्यावरचा हात उचलला गेला. साडू पुढं आला, बाईंच्या समोर उभा राहिला आणि मुद्दाम मोठ्यानं बोलला. "बेअरिंग नाही, बाई. क्लच आहे. ही मूठ आवळा बघू. थांबली खडखड? आता सोडा. आली परत?"

बाईंनी दोनदा करून बघितलं. "हो की!"

"लहान पोराला कळेल असा आवाज आहे. साडूभाऊंना ऐकू येत नाही. अडीच वर्षं झाली. इतके दिवस मीच मागून सांगत होतो."

बाई एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघू लागल्या. इंजिन चालूच होतं. नाडीवाल्यानं ते बंद केलं. स्क्रूड्रायव्हर हातातच राहिला.

"तू दोन दाबलेस."

"दोनच दाबले," साडू म्हणाला. "पुढच्या महिन्यात मी वजनकाट्यापाशी माझं शटर उघडतोय. लोकांना कळायला नको, कान कुणाचे होते ते? नाव तुमचं, आणि मी आपला मागं उभा, खुंटाळ्यासारखा!"

"माझ्याशी बोलायचं होतंस. मीच सांगितलं असतं सगळ्यांना."

"तुम्ही? ताई बरोबर म्हणाल्या होत्या. म्हणाल्या, एकदा चारचौघांत तोंडघशी पडल्याशिवाय हे ऐकायचे नाहीत."

"कोण ताई?"

"आपल्याच. तुमच्या घरातल्या."

नाडीवाला बाईंकडे वळून म्हणाला, "उद्या संध्याकाळी गाडी न्या. क्लच मी बदलून ठेवतो."

"तुम्हाला... जमेल ना?"

तीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

त्यानं तेल खाली सोडलं. करपलेला वास. थेंबभर तेल दोन बोटांत चोळलं तर आत काळी कचकच, क्लच प्लेटची झिजलेली पूड. बोटांनी क्षणात सांगितलं. कानांच्या थाटामाटात त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

बाजूच्या झाकणाचे बोल्ट त्यानं एकेक सोडवले आणि पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवले. कुठला लांब, कुठला आखूड, नंतर घोळ नको. झाकणाखाली चिकटलेलं जुनं गॅस्केट पात्यानं खरवडलं. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे ढिले केले. प्लेटा बाहेर आल्या त्या गुळगुळीत, मधल्या लोखंडी चकत्या तापून निळ्या पडलेल्या. क्लचचा ड्रम हलवला तर रिबिटांत डुगडुगत होता. खडखड ती हीच. साडू टायरवर बसून बघत होता. सवयीनं त्यानं दहाचा पाना पुढं केला. नाडीवाला उठला, फळीवरून दुसरा दहाचा पाना काढून आणला आणि परत कामाला बसला.

"एवढं काय साडूभाऊ," साडू म्हणाला. तेही त्यानं फक्त ओठांवरून वाचलं.

रात्रभर नव्या प्लेटा तेलात बुडवून ठेवल्या, आणि घरी एक गाडी अडलीय एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी नवा ड्रम, नव्या स्प्रिंगा, नवं गॅस्केट. केबलला बोटभर ढिलाई दिली, ताजं तेल भरलं. बाई आल्या तेव्हा तो स्वतः गाडीवर बसला आणि गॅरेजमागच्या चढावर घेऊन गेला. गाडी न अडखळता ओढत वर गेली.

खाली आला तर बाई साडूशी बोलत होत्या. याला बघून वळल्या आणि शब्द तोडून तोडून, लहान मुलाशी बोलावं तशा ओरडून म्हणाल्या, "छान! झालं! काम!" मग जरा चाचरल्या. "आणखी एका गाडीत शिट्टी वाजल्यासारखं होतंय. ती मी यांच्याकडे... वजनकाट्यापाशी... राग मानू नका हं."

"राग कसला, बाई," तो म्हणाला आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.

घरी बायकोनं पाण्याचा पेला पुढं केला. त्याच्या तोंडाकडे बघत, नेहमीसारखं एकेक शब्द मोकळा करून तिनं विचारलं, "झाली का गाडी?"

"झाली. चारचौघांत तोंडघशी पडणंही कालच उरकलं."

तिचा चेहरा उतरला.

"तूच सांगितलंस ना त्याला?"

ती वळली. शेगडीवरच्या पातेल्याचं झाकण काढलं आणि त्यात डाव फिरवत बोलू लागली. बराच वेळ बोलली. त्याला पाठ दिसत होती, हलणारी मान दिसत होती. त्यातलं "तुमच्याच" एवढं कळलं, आणि मग कुठंतरी "किती दिवस". कान गेल्यापासून ती त्याच्याशी एकदाही पाठमोरी बोलली नव्हती.

इकडं तोंड करून बोल, म्हणायला त्याची जीभ उचलली नाही. तिची मान हलायची थांबली, तेव्हा त्यानं पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि हात धुवायला मोरीत गेला.